साफ करा की सादर करा?

मित्रांनो, माझा जन्म कळंबच्या बसस्थानकामागच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये झाला. मी मुलींच्या वसतिगृहाची वेबसाइट आहे. वय वर्षं सात. आमच्यात सातव्या वर्षीच म्हातारपण येतं, त्यामुळं जरा बडबड करते, सांभाळून घ्या.

मला त्या क्लासच्या अनिरुद्धसरांनी घडवलं. भारी हौशी माणूस! गुलाबी रंगावर पिवळी अक्षरं, पळणाऱ्या सूचना, लुकलुकणारे तारे आणि सगळ्यात वर अध्यक्षांचा हा एवढा मोठा फोटो. उद्घाटनाला कॉम्प्युटरपुढं नारळ फोडला, तेव्हा पाणी कीबोर्डवर उडालं. सगळे म्हणाले, "काय झकास दिसतीय!" मीही फुगले. वाचता येतंय का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मग लोक यायला लागले आणि माझा गोंधळ सुरू झाला. माणसं यायची, सूचनांमागं डोळे पळवायची, दमायची आणि निघून जायची. का बरं? प्रवेशअर्ज खाली तळाशी होता की! मोबाइलवर तो अर्धा पडद्याबाहेर जातो, हे मला कुठं ठाऊक? त्याहून नवल म्हणजे काही जण अर्ज शेवटपर्यंत नीट भरायचे आणि मलाच सांगायचे, पुसून टाक. मी आज्ञाधारक, पुसायचे. पण एवढं टाइप करून पुसायचं कशाला? डोकं चक्रावून जायचं.

यंदा अर्जाच्या शेवटच्या दिवशी तेच झालं. कुणीतरी तीनदा अर्ज भरला आणि तीनदा पुसायला लावला. पाच वाजता मी अर्ज घेणं आपोआप बंद करणार होते. पावणेपाचला वसतिगृहाच्या ऑफिसात फोन वाजला. तिथले क्लार्क तात्या फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात आणि मी समोरच्या कॉम्प्युटरवर उघडीच होते.

"साहेब, मी मुरूमची शरणम्मा. अर्ज दर बारीला कोरा हुतोय बघा. माझ्या भुवनेश्वरीला कळंबच्या कॉलेजात नंबर लागलाय. पन ऱ्हायची सोय न्हाय झाली तर तिचे अप्पा पाठवनार न्हाईत. पोरीचं शिकणं थांबंल ओ!"

"शेवटी काय दाबता तुम्ही?"

"साफ करा."

"अहो ताई, साफ कशाला करता?"

"अय्यो! मग कच्चाच द्यावा व्हय? आधी कच्चं लिहायचं, मग साफ करून द्यायचं. गुरुजींनी तसंच शिकवलंय की आमाला!"

तात्यांनी वाकून माझ्याकडं पाहिलं. मीही स्वतःकडं पाहिलं. 'साफ करा' आणि 'सादर करा', दोन्ही बटणं शेजारीशेजारी, दोन्ही हिरवी, आणि साफ पहिलं!

"त्याच्या शेजारचं दाबा. सादर करा."

"सादर म्हंजी?"

"म्हणजे पाठवा!"

"मग पाठवा असंच लिवायचं की ओ!"

चौथ्यांदा अर्ज सुरू झाला. भुवनेश्वरी सांगतेय, आई टाइप करतेय. पाचला दोन मिनिटं असताना मी लाल अक्षरांत म्हणाले, 'अवैध माहिती'. कुठली अवैध? मलाही सांगता येईना! तात्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या मोबाइलवर मला उघडलं, तारखेखालचा बारीक नमुना वाचला आणि ते ओरडले, "जन्मतारखेत टिंब नको, तिरपी रेघ मारा!" एक मिनिट उरलं असताना अर्ज पोचला. पलीकडून आई आणि मुलगी दोघींच्याही रडण्याचा आवाज आला. हसतही होत्या बहुतेक. मला नक्की कळलं नाही.

भुवनेश्वरीला खोली मिळाली. अनिरुद्धसरांनी आता एकच मोठं बटण ठेवलंय, 'अर्ज पाठवा'. पण तात्या उदास झाले. दरवर्षी मीटिंगमध्ये तेच सांगायचे, "गावाकडच्या पोरींना शिकायचंच नाही, खाटा रिकाम्या राहतात." परवा माझ्यापुढं बसून ते जुने अर्ज शोधत होते. आधी ज्यांचे अर्ज असेच पुसले गेले त्या मुली कोण होत्या, त्यांना फोन करावा म्हणत होते.

मित्रांनो, उद्या तुम्ही माझ्यासारखी एखादी वेबसाइट बनवाल. ती आधी आईच्या हातात द्या. काही सांगू नका, नुसतं तिचं बोट कुठं अडतं ते बघा आणि तिला समजेल असंच लिहा. मला आपणहून काही कळत नाही हो. तात्यांना मी एकही नाव देऊ शकले नाही. त्या मुलींनी साफ करा म्हटलं, आणि मी त्यांना साफ पुसून टाकलं.