यादीतलं अकरावं नाव

मी सिंधु. आमच्या ग्रामपंचायतीत संगणक चालवते. गाव निलंगा तालुक्यात, कर्नाटकाची हद्द इतकी जवळ की मोबाइलला कधीकधी तिकडचीच रेंज लागते. दाखले, उतारे, जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरकुलाच्या फायली, सगळं माझ्या गळ्यात. 'गाव सूचना' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुपही मीच चालवते. त्यावर नळाच्या पाण्याची वेळ टाकली की खाली सतरा जण 'शुभ सकाळ' टाकतात आणि अठरावा विचारतो, ताई आज पाणी कधी येणार. माझा पारा चढतो तो इथे.

ग्रुप असला तरी गावाचा भरवसा भोंग्यावर. पंचायतीच्या गच्चीवर चारी दिशांना तोंड करून चार भोंगे बसवलेत आणि खाली माइकसमोर आमचे शिपाई मलप्पा मामा. तीस वर्षं झाली, मामाच सूचना सांगतात. रेशन आलं, डोस द्यायला नर्सबाई आल्या, उद्या ग्रामसभा आहे. पण तेवढं सांगून मामा माइक बंद करत नसत. "अन् अजून एक," म्हणायचे आणि सुरू व्हायचे. कुणाच्या म्हशीला पारडू झालं, कुणाची लेक बाळंतपणाला आली, संगमेश्वरच्या पोराला नांदेडला नोकरी लागली, वीरभद्र वाण्याकडे नवा गूळ आला. गाव हातातलं काम थांबवून ऐकायचं. पाण्याची वेळ कुणाच्या लक्षात राहायची नाही, पारडू लक्षात राहायचं.

मग नवे ग्रामसेवक आले, रुद्रेश भाऊसाहेब. माणूस सरळ, पण नियमाचा. कुणाची तरी सून भांडून माहेरी गेली हे मामांनी एकदा भोंग्यावर सांगितलं, त्यावरून तक्रार झाली, आणि भाऊसाहेबांनी लेखी आदेश काढला की सूचना कागदावर असेल तेवढीच वाचायची. तो आदेश टाइप मी केला. खोटं कशाला बोलू, मला तो मनापासून पटलाही होता. मामांनी काही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते कागदावरचा जावक क्रमांकसुद्धा वाचायला लागले. शिक्का असेल तर "खाली शिक्का हाय" हेही सांगायचे. हा त्यांचा रुसवा होता आणि तो सहा महिने चालला.

अशातच घरकुलाची यादी आली. आमच्या गावाची अकरा नावं. आधार कार्ड आणायचं, संमतीपत्रावर सही नाहीतर अंगठा द्यायचा, आणि हे सगळं शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत संगणकावर चढवायचं. त्यानंतर यादी बंद होणार आणि राहिलेलं घर दुसऱ्या गावाला जाणार. मी यादी ग्रुपवर टाकली, फळ्यावर चिकटवली, मामांनी जावक क्रमांकासकट रोज वाचली. दहा जण तीन दिवसांत येऊन गेले. अकरावं नाव होतं केवळाबाई अण्णाराव सूर्यवंशी, आणि ही केवळाबाई काही केल्या येईना.

यादी लागल्यापासून पंचायतीच्या पायरीवर एक बाई मात्र रोज येऊन बसायची. जळकोटवाली मावशी. गेल्या वर्षीच्या अतिवृष्टीत तिच्या माळवदाची एक बाजू बसली. उरलेल्या खोलीवर पत्रे टाकून ती एकटीच राहते. मालक त्याआधीच्या उन्हाळ्यात गेले. एकुलती लेक सुकन्या नायगावला दिलेली. ती ये म्हणते, पण लेकीच्या घरी राहायला मावशी तयार नाही. घरकुलाचा फॉर्म मालकांनी भरला होता एवढंच तिला माहीत. रोज येताना माझ्यासाठी तांब्याभर ताक आणायची आणि विचारायची, "पोरी, माजं घर आलं का गं?"

आमच्या भागात लग्न होऊन आलेल्या बाईला कुणी नावानं ओळखत नाही. ती जिथून आली ते गाव तिचं नाव. कुणी उदगीरवाली, कुणी देगलूरवाली. ही जळकोटहून आली म्हणून जळकोटवाली. मलाही निम्मं गाव औशाची म्हणूनच हाक मारतं. मी मावशीला पहिल्याच दिवशी तिचं नाव विचारलं होतं. पारूबाई म्हणाली. पारूबाई यादीत नव्हती, पार्वती नव्हती, जवळपासचंही काही नव्हतं. आधार कार्ड आण म्हटलं तर भिंत पडली तेव्हा कागदांची पेटी सुकन्या नायगावला घेऊन गेलेली. मग मी रोज तेच सांगायचे की मावशी, तुमचं नाव नाही. बुधवारी तर मी जरा तोडूनच बोलले. रोज रोज विचारलं म्हणून नाव उगवत नसतं, असं म्हणाले.  मावशी रिकामा तांब्या घेऊन गेली. मला रात्रीचं जेवण गोड लागलं नाही, पण गुरुवारी ती पुन्हा ताक घेऊन आली आणि मीही पुन्हा नाही म्हणून सांगितलं.

तिचे मालक अण्णारावच होते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमचं निम्मं गाव सूर्यवंशी आणि त्यात अण्णाराव चार. त्यातल्या एकाची बायको पुण्याला मुलाकडे जाऊन बसलीय. केवळाबाई म्हणजे तीच असणार असं मी माझ्या मनानं ठरवून टाकलं. तिच्या मुलाला दोनदा फोन लावला, लागला नाही. तिसऱ्यांदा मी लावलाच नाही. शहाणपणा नडतो तो असा.

शुक्रवारी भाऊसाहेब निलंग्याला मीटिंगला गेलेले. चारला त्यांचा फोन आला की अकरावं प्रकरण निकाली काढून टाका. लाभार्थी मिळाला नाही तर संगणकावर कारण द्यावं लागतं, आणि कारणं तीनच आहेत. मयत, कायम स्थलांतरित, लाभ नाकारला. मी 'कायम स्थलांतरित' निवडलं. आता फक्त बटण दाबायचं राहिलं होतं, तेवढ्यात मलप्पा मामा चहा घेऊन आले आणि माझ्या खांद्यावरून डोकावले. काय टाकलं म्हणून विचारलं. मी पुण्याच्या अण्णारावांच्या बायकोचं सांगितलं.

मामा म्हणाले, "तिचं नाव गंगूबाई हाय. तिच्या लग्नात पंगतीला वाढलोय मी."

मी म्हटलं, मामा, आठ दिवस तुम्ही हे नाव रोज वाचताय, आधी का नाही बोललात.

"मला कोन इचारलं? कागदावर हाय तेवढंच वाच म्हनलात. वाचायलोय."

मला राग आला आणि तो सगळा माझाच मला आला. मी बटणावरचा हात काढला. आदेश गेला खड्ड्यात, भाऊसाहेबांना मी बघून घेते, असं म्हणून मी माइक मामांसमोर सरकवला आणि तुमच्या पद्धतीनं सांगा म्हटलं. मामांनी टोपी नीट केली. सहा महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळलेला पाहिला आणि या माणसाला आपण किती कोंडून ठेवलं होतं ते कळलं.

"ऐका हो ऐका. पंचायतीतून मलप्पा बोलायलोय. केवळाबाई नावाच्या बाईचं घर आलेलं हाय. सहाला परत चाललं. आता गावात केवळाबाई कोनालाच ठावं न्हाई. तवा समद्या बायांनी आपापलं माहेरचं नाव आठवा. ज्येच्या घरी नाव बदललं आसंल त्येनी तर जरूर आठवा. मालकाचं नाव अण्णाराव आसंल तर पळत या. अन् अजून एक, चहा गरम हाय."

मालकाचं नाव अण्णाराव असेल तर पळत या एवढं सांगूनही, अण्णाराव सोडून बाकी सगळ्यांच्या बायका आल्या. पंधरा मिनिटांत पंचायतीच्या अंगणात ही गर्दी. वीरभद्र वाण्याची आई पार्वतम्मा काठी टेकत आली आणि म्हणाली की मी माहेरी निंगम्मा होते, हे लिहून ठेव. मी म्हटलं, अव्वा, तुमचं घर पक्कं आहे, तुमचं काय काम. ती म्हणाली काम काही नाही, मामा म्हणाला आठव, मला आठवलं. देगलूरवाली निघाली सिंधु, माझ्याच नावाची, आणि मी सहा वर्षं तिला देगलूरवाली म्हणत होते. तिच्या शेजारणीनं आपलं नाव सांगितलं तेव्हा तिची स्वतःची सून तोंडाकडे बघत राहिली. बायका एकमेकींना जुन्या नावांनी हाका मारून हसत होत्या. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते आणि मला रडू यायचं बाकी होतं.

जळकोटवाली मावशी नेहमीच्या पायरीवर बसली होती. गर्दीत नव्हती, हसतही नव्हती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. मावशी, तुमचं माहेरचं नाव काय, असं विचारलं. हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

"केवळा," ती म्हणाली. "पर ते नाव हितलं न्हाई पोरी. ते कागदावर कसं येईल?"

तिनं मग थोडक्यात सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हा घरात थोरल्या जावेचं नाव केवळाच होतं. एका घरात दोन केवळा नकोत म्हणून सासूनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं पारू लिहून घेतलं. तेव्हापासून घरात पारू आणि गावात जळकोटवाली. भोंग्यावर आठ दिवस केवळाबाई ऐकत होती आणि कुणाचं तरी घर वाया चाललंय म्हणून तिलाच हळहळ वाटत होती. मतदानाच्या वेळी नाव पुकारतात की, असं मी म्हटलं. तर म्हणाली की चिठ्ठ्या मालकांच्या हातात असायच्या, ते पुढे, ही मागे, आणि हिनं फक्त शाईसाठी बोट पुढे करायचं.

मी नायगावला सुकन्याला फोन लावला. पेटी उघड आणि आईचं आधार कार्ड वाच म्हटलं. ती आधी म्हणाली, आईचं नाव पारूबाईच आहे, वाचायचं काय त्यात. मग पेटीचा आवाज आला, कागदांचा आवाज आला. मग म्हणाली, "ताई, हितं केवळाबाई अण्णाराव सूर्यवंशी लिवलंय. फोटो तर आईचाच हाय."

कार्डाचा फोटो मला मिळेपर्यंत मी संगणकावर जे जे उघडता येतं ते उघडलं. मतदार यादी, केवळाबाई. रेशनकार्ड, केवळाबाई. घरपट्टीला मालकांच्या जोडीला लावलेलं नाव, केवळाबाई. घरकुलाचा मूळ फॉर्म अण्णारावांनी भरला, पण अर्जदार म्हणून स्वतःला न लावता बायकोला लावलं, तिथेही तेच नाव. घरात आई होती म्हणून त्या माणसाला काही बोलता आलं नसेल. पण जो जो सरकारी माणूस दारात वही घेऊन आला त्याला त्यानं केवळाच सांगितलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं. बायकोला मात्र एका शब्दानं सांगितलं नाही.

मी मावशीला आत आणून खुर्चीवर बसवलं आणि एकेक यादी वाचून दाखवली. मामा दारात उभे राहून ऐकत होते. अंगणातल्या बायकाही दाराशी गोळा झाल्या होत्या. मावशीला वाचता येत नाही, तरी ती पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघत राहिली.

"नवं नवं व्हतं तवा एकडाव म्हनले व्हते मी त्येंना," ती म्हणाली. "की मला माजं नाव लई आवडत व्हतं. काई बोलले न्हाईत. उठून बैलाला पानी दावाया गेले. मी समजले, ऐकलंच न्हाई."

पावणेसहा झाले होते. मी घाईघाईनं संमतीपत्र छापलं, तिच्यासमोर ठेवलं, शाईची डबी उघडून तिचा उजवा अंगठा त्यात टेकवला. लाभार्थीचे नाव, केवळाबाई अण्णाराव सूर्यवंशी, ठळक अक्षरात, आणि खाली अंगठ्याचा चौकोन. मी तिच्या नावावर बोट ठेवून हे तुमचं नाव म्हणून दाखवलं. डोळ्यांत पाणी माझ्या होतं. तिच्या डोळ्यांत नव्हतं. ती चक्क रागावली होती.

"मेल्यानं समद्या सरकारला सांगितलं," ती म्हणाली. "मला एकडाव तोंडानं हाक मारली आसती तर काय झालं आसतं?"

मामांनी तोंड फिरवलं.  मावशीनं शाई न लागलेला डावा हात पुढे केला आणि मी दाखवलेल्या ओळीवर तळवा ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

मावशी, अंगठा तिथे नाही, खाली, असं मी म्हणाले. सहाला दहा कमी होते.

"देते," ती म्हणाली. "थांब जरा."

आणि आम्ही सगळे थांबलो.