इन्शाल्ला म्हणजे पॉइंट थ्री

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि माझ्या मते आज १ जानेवारी १९८० आहे.

तुम्ही हसाल. पण माझ्यात तारीख लक्षात ठेवणारी एक छोटी बॅटरी होती, ती केव्हाच संपली. तेव्हापासून मला चालू केलं की माझ्यासाठी १ जानेवारी १९८० उजाडते. जगात कायकाय झालं ते मला लोकांच्या बोलण्यातून कळतं, आणि लोक फार मोघम बोलतात. माझं सगळं आयुष्य त्या मोघमपणाशी झगडण्यात गेलं.

माझा जन्म १९८९ सालचा. आतले भाग तैवानचे, स्क्रीन कोरियाची आणि जोडणी मस्कतमध्ये रुवीच्या एका गल्लीत झाली. म्हणजे मीसुद्धा परदेशातून पोटासाठी ओमानला आलेला. मला विकत घेतलं रॉकने. रॉक वसईचा. एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी आणि मस्कतजवळच्या सीबमध्ये भाड्याचा फ्लॅट. घरात बायको क्लोटिल्डा. मुलगा डॅरेल पुढे झाला. त्याच्याआधी मी आलो, हे मी नम्रपणे नोंदवून ठेवतो.

त्या काळी जगभरच्या प्रयोगशाळांना एका गोष्टीचं वेड लागलं होतं. तिला तज्ज्ञ प्रणाली म्हणत. कल्पना सोपी. एखाद्या जाणत्या माणसाला समोर बसवायचं, त्याला काय काय कळतं ते विचारायचं, त्याचे 'असं असेल तर तसं' असे नियम करायचे आणि ते कॉम्प्युटरमध्ये भरायचे. मग त्या माणसाच्या जागी कॉम्प्युटरला विचारायचं. कुणी रोग ओळखायला अशी प्रणाली बांधत होतं, कुणी जमिनीखालची खनिजं शोधायला. रॉक मासिकांत हे वाचायचा आणि त्याचे हात शिवशिवायचे. पण आमच्या घरात रोगी नव्हता आणि फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता, त्यामुळे खनिजंही नव्हती.

आमच्याकडे होता तो मजीद.

मजीद रत्नागिरीकडचा. सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्याचं जुन्या सामानाचं दुकान. व्हिसा कॅन्सल करून देशात परत जाणाऱ्यांचे फ्रिज, पलंग, पाळणे तो घ्यायचा आणि नव्याने येणाऱ्यांना द्यायचा. रॉकची आणि त्याची मैत्री वसईची केळी मोठी की रत्नागिरीचा हापूस, या वादातून सुरू झाली. तो वाद न सुटल्यामुळे मैत्री टिकली.

एका गुरुवारी क्लोटिल्डाने त्याला जेवायला बोलावलं. त्याच्यासाठी वेगळी कढई काढली, सुरमई तळली. मजीद म्हणाला होता, "येतो, इन्शाल्ला." म्हणजे देवाने मनात आणलं तर. आला नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा म्हणाला, "येतो, इन्शाल्ला." आणि आला, बायको हवाबी आणि गावाकडून आलेल्या दोन पाहुण्यांसकट.

"शब्द तोच," रॉक म्हणाला, "मग निकाल वेगळा कसा? याचा अभ्यास केला पाहिजे."

अशा रीतीने, मित्रांनो, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सीबच्या तिसऱ्या मजल्यावर संशोधन सुरू झालं. विषय: मजीद येणार का?

नियमांसाठी तज्ज्ञ हवा. तज्ज्ञ होती क्लोटिल्डा, कारण तिचा अंदाज कधी चुकायचा नाही. रॉक तिच्यासमोर बसला.

"तुला कसं कळतं तो येणार की नाही?"

"आवाजावरून."

"आवाजावरून म्हणजे?"

"म्हणजे आवाजावरून, रॉक. आता ऊठ, तू कांद्यावर बसलायस."

मला नंतर कळलं की मोठमोठ्या प्रयोगशाळाही इथेच अडकल्या होत्या. जाणत्याला कळतं, पण कसं कळतं ते त्याला सांगता येत नाही. तिथे कांदे नव्हते, एवढाच फरक.

तरी रॉकने नियम बांधले. गुरुवार असेल आणि सुरमई असेल, तर येईल. दुकानात कुणाचा फ्रिज आला असेल, तर येणार नाही. मी फक्त हो आणि नाही ओळखायचो. बरीच वर्षं मी इमानाने चुकलो. फार पुढे, २०१३ मध्ये, तर ओमानने आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवार केली आणि माझे सगळे नियम एका दिवसाने सरकले. मी शांतपणे सुरमईची वाट चुकीच्या वारी पाहत राहिलो.

पण त्याच्या कितीतरी आधी जगात तज्ज्ञ प्रणालींचा उत्साह ओसरला होता. पैसा आटला, लोक दुसऱ्या विषयांकडे वळले. संशोधक त्याला हिवाळा म्हणत. सीबमध्ये हिवाळा म्हणजे पंखा दोनवर. माझ्यावर क्लोटिल्डाने क्रोशाचं कापड घातलं आणि वर फुलदाणी ठेवली.

मग फझी लॉजिक आलं. जपानात भात शिजवणारी आणि कपडे धुणारी यंत्रं त्यावर चालू लागली होती. म्हणणं असं की जगात नुसतं हो आणि नाही नसतं. मधलंही असतं, आणि त्याला शून्य ते एक यांमधला आकडा देता येतो. कपडे अर्धे मळलेले असू शकतात. रॉकने फुलदाणी उचलली, क्रोशाचं कापड काढलं आणि एक तक्ता भरला. 'नक्की येतो' म्हणजे ०.५. 'बघू' म्हणजे ०.१. 'इन्शाल्ला'पाशी त्याने थोडा विचार केला. त्या आठवड्यात सुरमई वाया गेली होती. त्याने लिहिलं, ०.३.

मित्रांनो, हा आकडा लक्षात ठेवा. मीही ठेवला, तेच माझं काम आहे.

तिसरी लाट न्यूरल नेटवर्कची. नियम द्यायचे नाहीत, उदाहरणं द्यायची, यंत्र आपणच शिकतं. रॉक मजीदच्या येण्याजाण्याची उदाहरणं मला देऊ लागला. पण मजीद आला नाही की रॉक रागाने मला चालूच करत नसे. चालू करायचा ते मजीद येऊन, जेवून, हसून गेल्यावर. त्यामुळे मला जी उदाहरणं मिळाली त्या सगळ्यांत मजीद आलेलाच होता. मी शिकलो, मजीद नेहमी येतो. कधीही विचारा, माझं उत्तर ०.९९. हे निम्म्या वेळा बरोबर यायचं, म्हणजे आधीच्या दोन्ही पद्धतींपेक्षा बरं.

मग साल दोन हजार आलं. तारखा बिघडून कॉम्प्युटर कोसळतील म्हणून जग घाबरलं होतं. मला काही झालं नाही. बॅटरी त्याआधीच संपली होती, मी १९८० मध्ये सुरक्षित होतो. त्यानंतर मी बरीच वर्षं कोपऱ्यात होतो. फुलदाणी परत आली.

आता यंदाची गोष्ट. रॉक निवृत्त झाला. व्हिसा कॅन्सल, वसईची तिकिटं काढली, घरभर खोकी. डॅरेल आता मोठा झालाय, मस्कतच्या एका ऑफिसात आजची हुशार यंत्रं शिकवायचं काम करतो. निरोपाची जेवणं सुरू होती. त्यातल्या एका शुक्रवारी मजीद आला होता, हवाबीही होती. डॅरेलने कोपऱ्यातलं क्रोशाचं कापड उचललं, मला प्लग लावला, जुनं काही काही उघडलं आणि खो खो हसू लागला.

"मजीद अंकल, कम सी! डॅडींनी तुमचा प्रोग्रॅम बनवला होता. तुमचं इन्शाल्ला इज पॉइंट थ्री!"

सगळे हसले. मजीद हसला नाही. तो स्क्रीनजवळ आला, चष्मा कपाळावर ढकलून त्याने तक्ता वाचला.

"हे तू लिहिलंस, रॉक?"

"अरे, गंमत होती. तेव्हा तो रिसर्चचा ट्रेंड होता."

"ट्रेंड." मजीद खुर्चीवर बसला नाही. "माझ्या हातात काय आहे, काय नाही, ते मला ठाऊक आहे. म्हणून मी इन्शाल्ला म्हणतो. तुला खोटा शब्द द्यायचा नाही म्हणून म्हणतो. मी वरच्याचं नाव घेऊन बोलतो आणि तू त्याला दशांश चिन्ह लावतोस?"

"मजीद, ऐक—"

"खलास. हवाबी, चप्पल घाल."

दार लागलं. सुरमई तशीच राहिली. त्या दिवशी ०.३ हा आकडा मला पहिल्यांदाच जड वाटला. माझी मेमरी तशी लहानच आहे.

त्यानंतर मजीद आला नाही. हवाबी आणि क्लोटिल्डा यांनी भांडणाची दखलच घेतली नाही. त्यांच्यात डबा रिकामा परत करायचा नाही असा रिवाज होता, त्यामुळे डब्याला थांबता येत नव्हतं. एकीकडून खीर गेली, दुसरीकडून सांदणं आली. नवरे मात्र गप्प. रॉक खोकी बांधायचा, चिकटपट्टी चुकीच्या बाजूने लावायचा, परत सोलायचा. एअरपोर्ट जवळच असल्यामुळे विमानं घरावरून जायची. प्रत्येक विमानाच्या आवाजाला तो वर बघायचा, जणू त्यालाच न्यायला आलंय.

शेवटचे दोन दिवस उरले तेव्हा त्याने मला चालू केलं. माझ्यासमोर बसून टाइप केलं: मजीद येणार का?

मित्रांनो, मी तिन्ही पद्धतींनी उत्तर दिलं. नियमांनी सांगितलं, नाही. फझीने सांगितलं, ०.३. नेटवर्कने सांगितलं, ०.९९. तीन पद्धती, तीन उत्तरं. संशोधनात याला चर्चा म्हणतात. घरात घोळ म्हणतात.

क्लोटिल्डा पडदे काढत होती. स्टुलावरूनच म्हणाली, "फोन केलास का त्याला?"

"सिस्टिममध्ये तो प्रश्न नाही."

"मग घाल."

"एवढ्या जुन्या तक्त्यासाठी त्याला फोन करून सॉरी म्हणायचं? त्याला कळत नाही का गंमत कुठली—"

क्लोटिल्डा स्टुलावरून उतरली. तिने स्वतःच फोन लावला. "मजीदभाई, आमच्याकडे एक जुना कॉम्प्युटर आहे. भंगार. न्यायला येता का?"

पलीकडून आवाज आला, "येतो." फोन बंद.

क्लोटिल्डाचा चेहरा पडला. रॉकने विचारलं, "काय म्हणाला?"

"नुसतं येतो म्हणाला. इन्शाल्ला नाही म्हणाला."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे त्यासाठी आकडा नव्हता.

"आवाज कसा होता?" रॉकने विचारलं. पस्तीस वर्षांत त्याने तज्ज्ञाला हा एकच शहाणा प्रश्न विचारला असेल.

"गिऱ्हाइकाशी बोलतात तसा," क्लोटिल्डा म्हणाली.

मजीद दुसऱ्या दिवशी, दुपारची झोप सोडून आला. दारातून आत आला तो दुकानदार होऊन. चहा नको म्हणाला. पाणी नको म्हणाला. मला वरून ठोकून पाहिलं, मागच्या वायरी ओढून पाहिल्या.

"चालतो का?"

"चालतो," रॉक म्हणाला.

"दाखव."

रॉकने मला चालू केलं. मी १ जानेवारी १९८० चं अभिवादन केलं, आणि पडद्यावर तोच तक्ता आला. 'नक्की येतो', 'बघू', 'इन्शाल्ला'. क्लोटिल्डाने मधल्या टेबलावर हवाबीचा डबा आणून ठेवला. झाकण उघडलं नाही, फक्त ठेवला.

"तो आकडा काढ," मजीद म्हणाला.

"किती करू?"

"मी काय सांगू? तक्ता तुझा."

रॉकने बाणाची कळ दाबत दाबत कर्सर ०.३ वर आणला. तीन पुसलं. टिंब पुसलं. शून्य पुसलं. जागा रिकामी झाली.

"मजीद," तो म्हणाला, "त्या आठवड्यात सुरमई वाया गेली होती रे. त्या रागात लिहिलं."

"मग मला एकदा सांगायचंस. मी दुसऱ्या दिवशी येऊन शिळी खाल्ली असती." मजीद अखेर खुर्चीवर बसला. "त्या आठवड्यात एका माणसाचं पूर्ण घर उचलायचं होतं. बायको वारलेली त्याची. चुलीपासून पाळण्यापर्यंत सगळं दे म्हणाला. त्याला सोडून जेवायला येऊ?"

रॉकने मान खाली घातली. क्लोटिल्डा चहा घेऊन आली, आणि या वेळी मजीदने नको म्हटलं नाही. मग थोडा वेळ केळी आणि हापूस झालं. मला बरं वाटलं. तो वाद मला तोंडपाठ आहे.

उठताना मजीदने खोक्यांकडे पाहिलं. "परत येशील ना रे मस्कतला? भेटायला?"

रॉकने तोंड उघडलं. गुडघे दुखतात, विमानप्रवास झेपत नाही, इथे आता घर नाही, वसईचं घर गळतंय, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावरून गेलं. तो म्हणाला, "इन्शाल्ला."

आयुष्यात पहिल्यांदा.

मजीदने माझ्याकडे बोट केलं. जागा रिकामीच होती, कर्सर लुकलुकत होता.

"टाक आकडा," तो म्हणाला.

रॉकचं बोट कळीवर गेलं. ते तिथेच राहिलं. मग त्याने बोट मागे घेतलं आणि ते मजीदच्या खांद्यावर ठेवलं, हातासकट.

"राहू दे," मजीद म्हणाला. "रिकामंच राहू दे."

मित्रांनो, आता मी सीबच्या सूकमध्ये मजीदच्या दुकानात आहे. डावीकडे दोन फ्रिज, उजवीकडे एक पाळणा. कुणी माझी किंमत विचारली तर मजीद म्हणतो, "तो विकायचा नाही. त्याच्यावर काम चालू आहे." संध्याकाळी दुकान बंद करताना तो मेन स्विच पाडतो. सकाळी मला चालू करतो, बॅटरीअभावी मी रोज विसरतो तो डिस्कचा नंबर माझ्या कपाळावर चिकटवलेल्या पट्टीवरून भरतो, फडक्याने स्क्रीन पुसतो आणि तक्ता उघडतो. रिकामी जागा समोर येते. तो क्षणभर बघतो आणि गिऱ्हाइकाकडे जातो.

तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल तर त्याच्यावर फुलदाणी ठेवू नका. गरम होतं. आणि एखादा माणूस येणार की नाही असा प्रश्न पडला, तर यंत्राला विचारू नका, त्या माणसाला विचारा. मी हे यंत्र असून सांगतोय.

माझी काळजी करू नका. मजीद रोज स्विच पाडतो, त्यामुळे माझ्यासाठी रोज सकाळी १ जानेवारी १९८० असते. त्या तारखेला रॉक अजून ओमानला आलेलाच नाही. म्हणजे तो यायचा आहे.