आनंदीबायचं शिळं कीर्तन

या मित्रांनो, असे माझ्याजवळ सरका. चपला बाहेर काढल्यात ना? मग बसा मांडी घालून. तुम्हांला एका कीर्तनाची गोष्ट सांगते. कीर्तन सुरू झालं देवळात आणि संपलं भलत्याच ओटीवर. त्यापायी माझं घरच बदललं, पण तक्रार मात्र मुळीच नाही.

मी एक जुनी सतरंजी आहे. घाटावरच्या एका विणकराच्या मागावर माझा जन्म झाला. निळा पट्टा, पांढरा पट्टा, मग लाल. तो विणकर माग चालवताना तोंडानं नाम घेत असे. मागाचा खटका पडे आणि त्यावर नाम पडे. म्हणून मला वाटतं, ताल माझ्या उभ्या धाग्यातच आहे. एकोणीसशे साठ साल उलटल्यावर भाईंदरच्या मिठागरवाल्या मंडळींनी आपल्या मारुतीच्या देवळासाठी मला आणलं. पहिल्या दिवशी मला अंथरली तेव्हा सगळा गाव नुसता कडेनं उभा! एवढ्या कोऱ्या सतरंजीवर पाय कोण देणार? शेवटी देवळाची व्यवस्था बघणारे दाजी ओरडले, "अरे, बसायला आनलीय, पुजायला न्हाय!" तेव्हा कुठे मंडळी टेकली.

मित्रांनो, कीर्तनाचं सुख काय सांगू! बुवा उभे राहिले, झांजेचा पहिला नाद झाला, की माझा पट्टान् पट्टा जागा होई. पूर्वरंगात बुवा देवाची महती सांगत, मध्यंतरात कपाळी बुक्का लागे, गळ्यात हार पडे आणि मग उत्तररंगात आख्यान रंगे. शेवटी आरती. आरती घेतल्याशिवाय कीर्तनातून उठू नये, असा आमच्याकडचा नेम. नाहीतर ऐकलेलं अर्धंच पदरात पडतं म्हणतात.

माझ्यावर कोण कुठे बसतं ते मला न बघता कळे. पेटीसमोर बाबुराव. हे मूळचे रत्नागिरीचे, इथल्या कारखान्यात कामाला. सुरांचे एवढे वेडे, की चांगली जागा आली की मांडीवर थाप मारायच्या ऐवजी शेजाऱ्याच्याच मांडीवर मारत. तबल्याजवळ परशुराम. त्याची स्वतःची मिठागरं होती, गावच्या भजनात पखवाज वाजवायचा. बायकांच्या बाजूला शेवंती. मिठाच्या टोपल्या वाहून दमलेली असायची, पण बुवांनी नमन म्हटलं की तिचा पदर डोळ्यांना लागलाच. आणि अगदी दाराशी, माझ्या काठावर, आनंदीबाय.

आनंदीबाय गावची सुईण. ती काठावर बसे, कारण तिला कधी बोलावणं येईल याचा भरवसा नसे. आणि बोलावणं हमखास यायचंच! उत्तररंग ऐन रंगात आला, की दारात कोणीतरी धापा टाकत उभा. आनंदीबाय मुकाट्यानं उठे. जाताना माझा काठ कपाळाला लावी आणि पुटपुटे, "मारुतीराया, आजपन आरती ऱ्हायली रं." इतकी वर्षं कीर्तनाला आली, पण एकाही आख्यानाचा शेवट तिनं ऐकला नव्हता.

आमच्या गावात एक रीत होती. कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी मला झटकून देवळाच्या पडवीत उन्हाला घालत. उन्हं उतरली, की आदल्या दिवशीची मंडळी माझ्यावर येऊन बसत आणि ऐकलेलं एकमेकांना सांगत. त्याला नावच पडलं होतं 'शिळं कीर्तन'. शिळ्या भाकरीला जशी वेगळीच चव असते ना, तशी ह्यालाही होती. दाजी म्हणत, "शिळ्या कढीला ऊत आनतान नुसता!" म्हणत, आणि स्वतःच चहा सांगत.

हनुमान जयंतीच्या सप्ताहाला एका वर्षी देशावरचे एक बुवा आले. त्यांनी आख्यान लावलं एका नावाड्याचं. नदीच्या पलीकडे देऊळ. नावाडी जन्मभर लोकांना देवदर्शनाला पलीकडे पोहोचवतो, पण स्वतः कधी देवळात गेलेला नाही. कारण तो पायरीशी आला, की अलीकडून कोणीतरी हाक मारतं आणि त्याला होडी फिरवावी लागते. म्हातारा होतो. एक दिवस ठरवतो, आज काही झालं तरी दर्शन घ्यायचंच. एक पाऊल पायरीवर ठेवतो, आणि अलीकडच्या तीरावरून हाक येते! बुवांनी इथे साकी लावली:

*एक पाय पायरीवरी अन् एक पाय होडीत,*
*ऐलतिराहुन हाक येतसे, जीव पडे कोंडीत!*

सारी सभा श्वास धरून बसली. आणि नेमकी तेव्हाच दारातून हाक आली, "आनंदीबाय, चल गो!"

ती उठली. पण त्या दिवशी तिचे पाय जड होते. मला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी पडवीत येऊन बसली. काठावर नाही, थेट माझ्या मध्यावर. बाबुराव येताच तिनं विचारलं, "बाबुराव, बुवा सकालच्या गाडीनं गेला. आता तूच सांग. नावाडी फिरला का देवलान गेला?"

"आहाहा!" बाबुरावांनी डोळे मिटले. "काय ती भैरवी, आनंदीबाय! कोमल रिषभ असा लावलान, की वाटलं आता प्राण जातो!"

"भैरवी ऱ्हाऊ दे. नावाड्याचा काय झाला?"

"नावाडी? होय… नावाडी होता खरा."

"परशादादा, तू सांग."

"अगो, तबलजीनं तिहाई घेतली न् असा समेवर आला, असा आला..."

"कोन, नावाडी?"

"तबलजी! नावाड्याचा मना काय ठाव?"

"शेवंतीवयनी, तू तरी!"

शेवंती ओशाळली. "मी रडत होते गो."

"कशापायी?"

"ता न्हाय आठवत. पन मन कसा भरून आलता!"

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. पण सतरंजीला कोण विचारतं! गावात दुसऱ्या ज्याला विचारावं तोही पेटीतबल्याचंच कौतुक सांगे. दाजी तर तेव्हा आरतीचं तबक लावण्यात गुंतलेले. आनंदीबाय तिघांकडे बघत राहिली. "तिघांनी मिलून जेवान जेवलांव," ती म्हणाली, "आन मना ताट धुवायला ठेवलांव!" बोलली ती हसत, पण तिचे डोळे हसत नव्हते. "त्या म्हाताऱ्यानं काय केला, एवढाच कलू दे मना. बाकी कीर्तन नको मना."

बाबुरावांना ते फार लागलं. ते म्हणाले, "माझ्या गळ्यात चाल आहे. बोल तेवढे हरवलेत."

शेवंती म्हणाली, "मंग सुरवातीपासना म्हना. जात्यावरची ओवी मधीच आठवत न्हाय, पयलीपासना म्हटली का येती."

झालं! बाबुरावांनी कानावर हात ठेवला. परशुरामानं चहाचा रिकामा डबा उलटा घेतला. नमनापासून सुरुवात झाली. सूर पुढे जाई आणि त्याच्यामागून बोल येत, जसे गाईमागून वासरं. बोल अडले की परशुराम ठेका धरी, ठेका चुकला की शेवंती म्हणे, "हितं न्हाय, हितं मी नाक पुसलेला." असं करत गाडी पुन्हा त्या साकीवर आली. एक पाय पायरीवरी अन् एक पाय होडीत…

"आनंदीबाय! चल गो बेगीन! शालूला कला आल्या!"

मिठागराच्या बांधावरून सदू धावत येत होता. शालू ही त्याची बायको, पहिलटकरीण.

नावाड्यानं काय केलं ते अजून कोणाला आठवलं नव्हतं. पण आनंदीबायनं काय केलं ते मी पाहिलं. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पदर खोचला आणि सदूच्या पुढे चालू लागली.

बाबुराव तसेच सूर धरून बसले होते. परशुराम म्हणाला, "थांबू नको! चाल तुटली तं गेली!" बाबुरावांनी तोंड न उघडता मान हलवली, हुंकार चालूच. "मंग उचल सतरंजी!" परशुराम ओरडला.

अशी मी आयुष्यात पहिल्यांदा कीर्तनाच्या मागून चालले. पुढे बाबुराव, एक हात कानावर, गुणगुणत; मागे परशुरामाच्या खांद्यावर मी; त्याच्यामागे डबा वाजवत शेवंती. वाटेत कोणी 'काय बाबुराव, कुठं?' म्हणून विचारी, पण बाबुराव उत्तर देतील तर शपथ!

सदूच्या ओटीवर मला अंथरली. सदू चिडलाच. "हितं बायकोचा जीव चाललाय न् तुमी भजान मांडताव?"

आतून शालूचाच आवाज आला, "म्हनू दे त्यांना! मना ऐकायचा हाय!" आणि आनंदीबायचा, "मोठ्यान म्हना रं! परशादादा, ठेका धीमा धर. पोरीला दम घेऊ दे."

मित्रांनो, कितीतरी बुवांची कीर्तनं मी ऐकली, पण असा ताल धरलेला नाही ऐकला. परशुराम डब्यावर धीमा ठेका धरी, त्या ठेक्यावर शालू श्वास घेई. मध्येच आतून हुकूम येई, "आता लय वाढव! वाढव, वाढव!" की डबा दणाणे. बाबुराव घामाघूम. आणि गाता गाता, शोधत नसताना, हरवलेले बोल त्यांच्या ओठांवर आले. नावाडी होडीत उतरतो. वल्हं मारतो. अलीकडच्या तीरावर कोणीतरी एकटंच उभं आहे. कोण ते जवळ गेल्यावर कळतं:

*देव म्हणे, रे देवळात त्या होतो कधि मी, सांग?*
*वाट पाहुनी तुझ्या होडिची शिणले माझे अंग!*

बाबुराव थांबले. डबा थांबला. आत शालूही गप्प होती. आणि मग बाळ रडलं.

जरा वेळानं आतून आनंदीबायचा आवाज आला, अगदी हळू. "म्हंजे म्हातारा फिरला."

"फिरला गो, आनंदीबाय," बाबुराव म्हणाले.

"बरा केलान." मग थोडं थांबून, "सदू, पोरगी हाय. नाव काय ठेवायचा ता ठेव, पन गला चांगला हाय हो!"

शेवंती रडत होतीच. पण ह्या वेळी कशासाठी ते तिला ठाऊक होतं.

एवढ्यात दाजी आले, मला शोधत. ओटीवर मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, काय केलांव ह्या! सोयराच्या घरी देवलाची सतरंजी? आता ती गाभाऱ्यासमोर कशी नेऊ?"

तिघांच्या माना खाली. सुरांच्या नादात बाळंतपणाच्या विटाळाची गोष्ट कोणाच्या ध्यानीच आली नव्हती. आनंदीबाय उंबऱ्यात आली, हात ओले. "दाजी, माझ्यापायी देवाची वस्त गेली."

दाजींनी तिच्या ओल्या हातांकडे पाहिलं. नेमाचा माणूस. मग म्हणाले, "देवलान ती आता यायची न्हाय. पन सोयराच्या घरी तुझा तं रोजचाच जाना. सतरंजी तुझ्याकडंच शोभंल, घेऊन जा." दोन पावलं गेले आणि वळले. "आन आनंदीबाय, आंघोल करून देवलान ये. आरती लावून ठेवतंय. तू आल्याबिगर ओवालनार न्हाय."

ती आरती मी पाहिली नाही. मला धुऊन आनंदीबायच्या कुंपणावर वाळत घातलं होतं. पण संध्याकाळी घंटा ऐकली. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ वाजत होती.

पुढे मी आनंदीबायच्या ओटीवरच राहिले. सत्तरी उजाडली. कारखाने वाढले, चाळी उठल्या, केबिन रोडला दुकानं लागली. देवळात नवी, मऊ सतरंजी आली. उत्सवाला मला कोणी विचारत नसे, त्याचं जरा वाईट वाटे, खोटं कशाला सांगू? पण शिळं कीर्तन माझ्यावरच होई. बाबुराव मुंबईतली गाण्याची मैफल ऐकून येत आणि कोण काय गायलं ते सगळं माझ्यावर बसून सांगत. आता मात्र गाण्याबरोबर बोलही आणत! कारण आनंदीबाय दारातच विचारी, "बोल आनलांव का नुसता सूर?"

मी जीर्ण झाले तेव्हा तिनं मला फेकलं नाही. धुऊन धुऊन मऊ झालेल्या माझ्या पट्ट्यांचे तुकडे केले आणि नव्या बाळांच्या पाळण्यात गोधडीखाली घातले. एवढा एक निळा तुकडा उरलाय, तो मी. आनंदीबाय आता नाही.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, कोपऱ्यात कुजवू नका. पण माझी आठवण नाही ठेवलीत तरी चालेल. कीर्तनात, मैफलीत तुमच्या शेजारची एखादी बाई आरतीआधी उठून जाताना दिसली, तर कपाळाला आठी घालू नका. आमच्या आनंदीबायची आठवण काढा. आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारी जाऊन उरलेलं सांगून या, बोलांसकट.