मोटारीची काच आणि कडूबाईचं जेन

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. आरशाची नव्हे आणि कंदिलाचीही नव्हे, मोटारीच्या दाराची. आरशाकडे लोक स्वतःला बघायला येतात. माझ्याकडे कुणी बघत नाही, माझ्यातून पलीकडचं बघतात. पूर्वी मला याचं फार वाईट वाटायचं. आता वाटतं, तसं बघणारं तरी कुणी असावं.

माझा जन्म विलायतेतला. बोटीनं मुंबईला आणि तिथून रेल्वेनं मी हैदराबादला आले. आम्ही चार बहिणी, चार दारांत बसलेल्या. दारातली कळ फिरवली की आम्ही खाचेतून वर यायचो, उलटी फिरवली की खाली जायचो. त्या खाचेला आतून लोकरीचं मऊ अस्तर होतं, म्हणून कसला आवाज होत नसे. आमचे पहिले मालक शहराबाहेर कधी गेले नाहीत. त्या गुळगुळीत रस्त्यांवर मला वाटायचं, जग सगळं असंच असतं.

पुढे मालकांनी नवी गाडी घेतली आणि फसली सन तेराशे चाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तीसच्या सुमारास धारूरच्या मोहनराव वकिलांनी आम्हाला विकत घेतलं. तोवर आमच्या खाचेतलं अस्तर कसरीनं खाऊन टाकलं होतं. त्यात धारूरचा घाट म्हणजे नुसते दगड. पहिल्याच फेरीत आम्ही चौघी अशा खडखडायला लागलो की माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. गावातल्या पोरांनी गाडीचं नाव ‘खुळखुळा’ ठेवलं. खरं सांगायचं तर मला त्या आवाजाची थोडी ऐटच होती. गाडी दिसायच्या आधी मी ऐकू यायचे ना! उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते काही खोटं नाही.

वकीलसाहेब दर महिन्याला कचेरीतल्या तारखांसाठी बीडला जात. बरोबर त्यांची बायको भिवराबाई असे. तिला खोकला होता. बीडचे एक वैद्य तिला काढा देत आणि बजावत, “धूळ लागू देऊ नका.” सगळे म्हणत, धुळीचा खोकला आहे, जाईल. ती माझ्या बाजूला बसायची. बसताना पदरानं मला आतून पुसायची आणि मग बाहेर बघत राहायची. मला पुसणारी ती एकटीच, म्हणून ती मला फार आवडायची.

त्यांच्या घरी माणसांचा राबता मोठा. वकीलसाहेब बाहेरच्या बैठकीत, भिवराबाई आत चुलीपाशी. दिवसा नवराबायकोनं शेजारी बसून बोलावं, अशी तेव्हा रीत नव्हती. दोघं शेजारी बसत ती फक्त गाडीत, आणि तिथं आम्ही त्यांना बोलू देत नव्हतो. वकीलसाहेब ओरडून विचारत, “बरं वाटतंय ना?” ती मान हलवायची.

गाडी हाकणारा त्रिंबक मोठा खटपट्या होता. त्यानं आधी खाचेत चिंध्या कोंबल्या. त्या दोन कोसांत गळून पडल्या. मग त्यानं बाभळीच्या खपल्या ठोकल्या. आवाज थांबला, पण घाटात एका धक्क्यासरशी माझी पुढची बहीण खपलीपासून तडकली आणि वडवणी येईपर्यंत तिचे तुकडे झाले. दुसरी तशीच गेली. तिसरी खपलीवाचून, नुसती आपटून आपटून फुटली. त्या मापाच्या काचा कुठं मिळेनात, म्हणून तिन्ही दारांना फळ्या ठोकल्या गेल्या.

उरले मी एकटी. चौघींच्या खडखडाटात एक प्रकारची सोबत होती. एकटीचा आवाज मात्र मला स्वतःलाच नकोसा वाटू लागला. आणि भीतीही वाटायची. भिवराबाईला फळीच्या अंधारात कोंडल्यासारखं व्हायचं, जीव घाबरायचा. मी फुटले तर तिला एक तर तो अंधार, नाही तर उघड्या खिडकीची धूळ. म्हणजे तिचं बीडला जाणंच बंद.

वकीलसाहेबांनी हैदराबादच्या एका मिस्त्रीला पत्र लिहिलं. उर्दूत उत्तर आलं. साहेबांनी ते त्रिंबकला वाचून दाखवलं, “काच ढिली झाली आहे, खाचेत नमदा घाला.”

“नमदा म्हंजी काय, साहेब?” त्रिंबकनं विचारलं.

साहेबांचं उर्दू कचेरीतलं. दावा, फिर्याद, दस्त, सगळं त्यांना तोंडपाठ होतं, पण नमदा कधी कुठल्या खटल्यात आला नव्हता. “हैदराबादी चीज असेल काहीतरी. बाजारात विचार.”

त्रिंबकनं धारूरला विचारलं, बीडला विचारलं. वडवणीच्या बाजारात एका दुकानदाराला ‘नर्मदा’ ऐकू आलं. त्यानं पूजेचा नर्मदेचा गोटा काढून पुढं ठेवला. असं वर्ष गेलं. मी खडखडत राहिले आणि भिवराबाई खोकत राहिली.

चैत्रात एकदा घाटाखाली तिची ढास थांबेना. त्रिंबकनं गाडी उभी केली. शेजारच्या रानात कडूबाई धनगरणीच्या मेंढ्या बसल्या होत्या. कडूबाईचा नवरा तात्याबा दोन वर्षांमागं वारला होता आणि ती एकटीच कळप राखत होती. ती पळत आली. भिवराबाईला हाताला धरून तिनं सावलीत नेलं आणि अंगाखाली काळं, जाड अंथरूण टाकलं.

“बसा बाई, हितं जेनावर बसा. लई ढास लागली की वं तुमास्नी.”

जेन तुम्हाला ठाऊक आहे का? ते मागावर विणत नाहीत. लोकर भिजवून पायांनी तुडवतात, तुडवून तुडवून ती एकजीव होते. हे जेन तात्याबानं स्वतः तुडवलं होतं.

तिथं मुंजाजी नावाचा म्हातारा दूध प्यायला आला होता. जवानीत तो हैदराबादला घोड्यांच्या पागेत चाकरीला होता. त्रिंबक सवयीनं त्याच्यापुढंही रडगाणं गाऊ लागला, “नमदा कुटं घावंल हो, आबा? वरीस झालं हुडकाया लागून.”

म्हातारा त्याच्याकडं बघतच राहिला. “काय बे, नमद्याच्या उशाला उभा हायेस अन् नमदा हुडकतूस? आमी घोड्याच्या खोगिराखाली हाच घालीत व्हतो. पागेत नमदा म्हणायचं, हितं जेन म्हणत्यात.”

त्रिंबकनं डोक्याला हात लावला. याच कळपाशी तो येताजाता थांबायचा, याच जेनावर बसून भाकर खायचा. वकीलसाहेबांना शब्द येत होता आणि कडूबाईकडं वस्तू होती. वर्षभर दोघांची गाठ पडली नाही, कारण मेंढरं राखणाऱ्या बाईला विचारावं, असं कुणाच्या मनातच आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

“मावशी, दोन बोटं रुंद पट्टी देता का?” त्रिंबकनं चाचरत विचारलं.

कडूबाईनं जेनाच्या कडेवरून हात फिरवला. तिच्याकडं दोन जेनं होती. एक देवाचं, त्याला कात्री लावत नाहीत. दुसरं हे. तात्याबाच्या पायांचं एवढंच काय ते तिच्याजवळ उरलं होतं. तेवढ्यात भिवराबाईला पुन्हा ढास लागली.

“काप,” कडूबाई म्हणाली. “पर आज न्हाई. लोकर वली झाली की आकसती. मी आदी भिजवून वाळवून ठिवते. माघारी येताना घिऊन जा.”

तिसऱ्या दिवशी बीडहून परतताना पट्टी तयार होती. त्रिंबकनं दाराची आतली फळी काढली, मला बाहेर घेतलं, खाच खरवडून साफ केली आणि पट्टी सरसानं चिकटवली. “वढून बसवू नगंस,” कडूबाई सांगत होती, “सैल बसू दे.” मग मला हळूच आत सोडलं. मित्रांनो, किती वर्षांनी मला कुणी असं दोन्ही बाजूंनी धरलं होतं. लोकरीला मेंढ्यांचा वास येत होता.

गाडी घाट चढू लागली. दगड तेच होते, पण मी वाजले नाही. वकीलसाहेब हसून म्हणाले, “वा!” आणि मग त्यांनी एकदम कान टवकारले.

त्या शांततेत एक आवाज येत होता. बारीक, शिट्टीसारखा, मधूनच अडकणारा. साहेबांना वाटलं, चाकाचा असेल. त्यांनी गाडी उभी करायला लावली. यंत्र बंद झालं तरी आवाज येतच होता. तो भिवराबाईच्या छातीतून येत होता.

“कधीपासून असं होतंय?” साहेबांनी विचारलं.

“दोन वर्षं झाली असतील,” ती म्हणाली.

“मला का नाही सांगितलंस?”

“अहो, तुम्ही विचारायचात तेव्हा मी मान हलवायची. तोंडानं म्हटलं असतं तरी तुम्हाला ऐकू आलं नसतं.”

माझ्यामुळं ऐकू आलं नसतं. माझी सगळी ऐट त्या घाटात उतरली. ती माझ्या शेजारी बसत होती, मला पुसत होती, आणि मी तिचा श्वास झाकत होते. मला फार लाज वाटली.

“त्रिंबक, गाडी फिरव,” साहेब म्हणाले. “जालन्याला, रेल्वेला. हिला हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं.”

गाडी तशीच घाट उतरली. कडूबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. तिनं हात वर केला, काय झालं म्हणून. पण साहेबांना घाई होती, आम्ही थांबलो नाही. जालन्याच्या स्टेशनावर भिवराबाई उतरली. उतरताना तिनं तळवा क्षणभर माझ्यावर टेकवला. मी तिला पाहिलं ते शेवटचं.

नाही, वाईट काही झालं नाही. चार महिन्यांनी धारूरला पत्र आलं आणि त्रिंबकनं ते माझ्याशेजारी उभं राहून घरातल्यांकडून ऐकलं. बाईंना उतार पडला आहे. डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणलंत, पण आता त्या धुळीच्या मुलखात परत नेऊ नका. वकीलसाहेबांनी मग वकिलीही हैदराबादलाच थाटली. गाडीचं कुणाला काम उरलं नाही. त्रिंबकही दुसरीकडं चाकरीला गेला. गावाबाहेरच्या पडवीत मी तेव्हापासून उभी आहे. मी गप्प झाले म्हणून ती वाचली आणि ती वाचली म्हणून मी एकटी आहे. याचं मला दुःख आहे, पण तक्रार नाही.

मला बोचतं ते वेगळंच. गेल्या वर्षी कळप घेऊन कडूबाई इथून गेली. गाडी ओळखून ती जवळ आली. पदराच्या टोकानं तिनं माझ्यावरची धूळ पुसली, डोळ्यांवर हात धरून आत बघितलं. आसन रिकामं होतं. मग हलक्या आवाजात म्हणाली, “बाई गेल्या वाटतं.” आणि डोळे टिपत मेंढ्यांमागं निघून गेली.

मला ओरडून सांगायचं होतं. निदान एकदा खडखडायचं होतं. पण तिच्याच जेनानं मला इतकं घट्ट धरलं होतं की मला हलताही आलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू सांभाळा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. काच आज ना उद्या फुटायचीच. पण ज्याच्या घरची वस्तू कापून आपलं माणूस वाचलं, त्याला पुढं काय झालं ते कळवत जा. धारूरच्या घाटाखाली मेंढ्या दिसल्या तर जरा थांबा. कडूबाई असेल. तिला सांगा, बाई बऱ्या आहेत.