पाचव्या अंकातला पेला

मित्रांनो, वर्गाच्या कपाटात अगदी वरच्या फळीवर उपडा पडलेला पितळी पेला तुम्ही कधी मान वर करून पाहिलात का? तो मी. आता माझी कळा गेली आहे, पोचे पडले आहेत. पण एकेकाळी माझा थाट काही औरच होता!

बाईंनी मला जुन्या बाजारातून आणलं, ते एकाच कामासाठी. शेकडो वर्षांपूर्वीची एक शोकांतिका त्या दरवर्षी शिकवत. पहिले चार अंक बाकावर बसून वाचायचे, पाचवा मात्र उभं राहून करून दाखवायचा. त्यात राणी नकळत विषाचा पेला पिते. तो पेला म्हणजे अस्मादिक.

बाईंचा दंडक असा, की राणीने माझ्यातलं पाणी खरोखर प्यायचं. "खोटं पिणं शेवटच्या बाकावरूनही कळतं," त्या म्हणत. आणि अंक सुरू झाला की मध्ये थांबायचं नाही, काहीही होवो. कितीतरी राण्या माझ्यातून प्यायल्या, धाडकन पडल्या आणि टाळ्या घेऊन उठल्या. मला फार भारी वाटायचं.

त्या वर्षीची राणी लाजरीबुजरी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. तिने आईला समोर बसवून घरी रोज सराव केला होता.

सकाळी प्रयोगशाळेतल्या मामांनी मला उचललं. "काय रे हा अवतार! राणीच्या हातात असा जाणार होय?" डाग निघावेत म्हणून त्यांनी माझ्यात ॲसिडचं पाणी ओतलं आणि मला खिडकीत ठेवलं. तेवढ्यात मोठ्या सरांचं बोलावणं आलं, म्हणून ते गेले. राजा झालेला मुलगा मला शोधत तिथे आला. "वा, बाईंनी भरूनही ठेवलाय!" म्हणत तो मला जपून वर्गात घेऊन गेला. माझा जीव टांगणीला लागला. पण सांगणार कसं? पितळेला कुठली वाचा!

अंक रंगला. चिमणीने मला ओठांपाशी नेलं, आणि मामा धापा टाकत दारात आले.

"पिऊ नकोस, पोरी! पिऊ नकोस!"

नाटकातही राणीचा नोकर नेमका असाच ओरडत येतो. वर्ग खूश झाला. "अरे, हे तर माझं वाक्य!" नोकर झालेला मुलगा कुजबुजला. बाईंनी हसून मामांना गप्प राहण्याची खूण केली. चिमणीने क्षणभर बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. तिने घोट घेतला.

मी तिच्या हातून पडलो. तीही पडली, घसा धरून तडफडू लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मामा बाकांवरून धडपडत तिच्यापाशी पोचले, तरी काही जण टाळ्या वाजवतच होते.

चिमणी वाचली. पण तिचा आवाज गेला तो गेलाच. हजेरीला ती आता हात वर करते.

मित्रांनो, पिण्याच्या भांड्यात दुसरं काहीही ठेवू नका, अगदी घटकाभरही नाही. आणि खेळ कितीही रंगात आलेला असो, कुणी जिवाच्या आकांताने 'नको' म्हणालं, तर आधी थांबा. फजिती झाली तर होऊ द्या. मला ओरडता येत नाही, तुम्हाला येतं.