दीड मिनिटाची वाळू

मी एक जुने, तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ आहे. मित्रांनो, बहरीनमधील एका मराठी मंडळाच्या सभेत वक्त्यांची वेळ मोजणे हे माझे काम. बाजाराच्या बाब अल बहरीन वेशीजवळच्या दुकानातून मला आणले, तेव्हा माझी काच निर्मळ होती आणि माणसांविषयीचे माझे मतही.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. वार्षिक अहवालात माझे आभारही मानले गेले. पुढे एक नियम आला: कोणी हरकत घेतली की मला आडवे ठेवायचे, म्हणजे वक्त्याची वेळ वाया जात नाही. नियम न्याय्य होता. तो माणसांच्या हाती पडला, एवढेच चुकले.

गेल्या सभेत हमद टाउनचा मराठी वर्ग बंद करून मुलांना दूरच्या सनद गावातल्या वर्गात पाठवण्याचा ठराव होता. त्याविरुद्ध बोलायला जैनुद्दीन आले होते. हे रत्नागिरीचे वेल्डर. त्यांची मुलगी अकीला त्याच वर्गात शिकते, आणि तिला सनदला पोहोचवायला त्यांच्याकडे गाडी नाही. सात वाजता त्यांना शिफ्टसाठी निघायचे होते.

पण सहा वाजता सभा सुरू होताच कमिटीचे एक पाठीराखे, जयेश, उठले. बोलण्याची वेळ कमिटी आणि विरोधी गट यांच्यात वाटलेली असते. "आम्ही चौघांनी कमिटीला मतं दिली, पण आम्ही कमिटीत नाही. विरोधकांच्या वेळेतला वाटा आम्हाला हवा."

"पाठिंबा त्यांना आणि वेळ आमची?" विरोधी गटाचे चंद्रशेखर कडाडले. "आयर्लंडच्या संसदेत ह्याच भांडणापायी कामकाज बंद पडलं होतं, माहितीय?"

"त्यांना आठला हॉल रिकामा करायचा नव्हता, चंद्रशेखर," अध्यक्ष अरुणाताई म्हणाल्या.

मग हरकत, हरकतीवर हरकत. पाऊण तास मी आडवे! मला आडवे केले की काळ थांबतो, असा या सुशिक्षित मंडळींचा समज आहे. भिंतीवरचे घड्याळ मात्र कोणी आडवे केले नव्हते.

पावणेसातला जैनुद्दीन टेबलाशी आले आणि त्यांनी स्वतःच मला उभे केले.

"ताई, थोडंच बोलतो." पण सवय नसल्यामुळे ते अडखळत, थांबत बोलू लागले. "अकीला घरात इंग्लिशच बोलते. माझ्या आईला ते येत नाय. ह्या वर्गात जायला लागल्यापासून, गेल्या महिन्यात पहिल्यांदा त्या दोघी फोनवर..."

"हरकत! ही वेळ कुणाच्या वाट्याची?" जयेश.

"ते ठरावाविरुद्ध बोलतायत म्हणून आमच्या वेळेतून कापणार? मुळीच नाही!" चंद्रशेखर.

"मी कुणाच्या वाट्याचा नाय हो. पोरीचा बाप आहे मी."

मला पुन्हा आडवे केले गेले. सात वाजले. "खलास," एवढेच म्हणून जैनुद्दीन निघून गेले. आठला पाच मिनिटे कमी असताना ठराव मंजूर झाला, आणि वेळेचा वाद पुढील सभेवर ढकलला गेला.

आता मी कपाटात तसेच आडवे पडून आहे. माझ्या एका फुग्यात अर्धी वाळू शिल्लक आहे. ती जैनुद्दीन यांची आहे. मित्रांनो, मंजूर ठराव मागे घेता येतो, हेही तुमच्याच नियमांत लिहिलेले आहे. म्हणून पुढच्या सभेत मला उलटे करून नव्याने सुरुवात करू नका. आधी त्यांना बोलवा, मला होते तसे उभे करा, आणि त्या दोघी फोनवर काय बोलल्या, तेवढे मला ऐकू द्या.