हरेल त्याने उठायचं

पोकर मी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी शिकले, आणि त्याला कारण माझाच वेंधळेपणा. कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला गेले, मागे दार लागलं, किल्ली आत. कुलूपवाला आला, दोन मिनिटांत दार उघडलं आणि म्हणाला, "बाई, दुसरी किल्ली कोणाकडे तरी ठेवत जा."

"कोणाकडे ठेवू?" मी म्हटलं. तिरसटपणेच म्हटलं, कारण चांगल्या सल्ल्याचा मला लगेच राग येतो.

त्याने हत्यारं गोळा केली. जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणाला, "पत्ते येतात का? रविवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत आम्ही पोकर खेळतो. आमचा एक भिडू मुलीकडे कायमचा राहायला गेलाय. खुर्ची रिकामी आहे."

पत्ते मला येत नव्हते. मी म्हटलं, येतात.

खोलीत किल्ल्या कापायचं जुनं यंत्र, तेलाचा वास आणि एक टेबल. टेबलाभोवती कुलूपवाला, कोर्टातून रिटायर झालेली टायपिस्ट आणि एक बस ड्रायव्हर. ड्रायव्हरने मला पाहून विचारलं, "बाई, राजा मोठा की एक्का?"

"राजा," मी ठणकावून सांगितलं. "राजाच तो."

ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. टायपिस्ट इतकी हसली की तिला चष्मा काढून पुसावा लागला. मी पर्स उचलली होती, पण कुलूपवाला म्हणाला, "बसा हो. हा ड्रायव्हरही पहिल्या दिवशी चौकट आणि बदाम सारखंच समजत होता."

मग त्याने शिकवलं. पैसे लावायचे नाहीत. चुकीच्या कापल्या गेलेल्या किल्ल्यांचा डबा होता, त्यातल्या तीस-तीस प्रत्येकाला. डाव सुरू होताना प्रत्येकाने एक किल्ली मध्ये टाकायची. पाच पानं हातात. मग बोली. समोरच्याने जितक्या लावल्या तितक्या लावायच्या, नाहीतर वाढवायच्या, नाहीतर पानं पालथी टाकून गप्प बसायचं. नको ती पानं एकदा बदलून मिळतात, मग पुन्हा बोली. जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, त्यापेक्षा तीन सारख्या पानांची तिकडी, मग ओळीतली पाच, मग एकाच रंगाची पाच, आणि तिकडी अधिक जोडी आली तर देव पावला.

"पण पानं म्हणजे निम्माच खेळ," कुलूपवाला म्हणाला. "हातात काही नसताना दहा किल्ल्या पुढे सरकवता आल्या पाहिजेत. आणि हातात भरपूर असताना तोंड एवढंसं करता आलं पाहिजे."

"आणि किल्ल्या संपल्या की?"

"हरेल त्याने उठायचं. घरी. हा आमचा नियम."

पहिले चार रविवार सगळ्यांत आधी मीच उठले. तीनला गेलेली बाई पावणेचारला घरी. कुलूप उघडायचं, चप्पल काढायची आणि रात्रीपर्यंत करायचं काय? रेडिओ लावायचा, बंद करायचा. आई गेल्यापासून घरात माझ्याखेरीज कोणी खोकतसुद्धा नाही. मी हट्टाला पेटले. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर चार जणांची पानं वाटून एकटीच चौघांचं खेळत बसले. तिघं माझ्यावर रागावलेले आहेत अशी कल्पना करून.

पाचव्या रविवारी मात्र मला एक गोष्ट दिसली. एकतीस वर्षं मी हॉस्पिटलात एक्सरे काढले. श्वास घ्या, रोखा, सोडा. माणूस श्वास रोखतो तेव्हा गळ्याखालची खळगी कशी आत जाते, हे मला अर्ध्या खोलीवरून कळतं. हातात काही नसताना बोली वाढवली की ड्रायव्हर श्वास रोखायचा. टायपिस्ट चांगली पानं आली की रोखायची. कुलूपवालाही हातात काही नसताना रोखायचा, पण किल्ली मध्ये पडेपर्यंतच.

मग काय! त्या दिवशी मी तिघांना धुऊन काढलं. टायपिस्ट साडेतीनला उठली, ड्रायव्हर पावणेचारला. चार वाजता कुलूपवाल्याची शेवटची किल्ली माझ्यापुढे आली आणि तो म्हणाला, "वा! शिकलात की." आणि दुकानाचं शटर ओढायला गेला.

नव्वद किल्ल्या जिंकून मी चार दहाला घरी. हरत होते तेव्हाही पावणेचार, जिंकले तर चार दहा. मला रडू आलं, आणि त्याचा संतापही आला.

त्यानंतर मी वेगळंच खेळू लागले. कोणाच्या किल्ल्या संपत आल्या की त्याच्यापुढे माझी चांगली पानं पालथी टाकायची. डाव साडेपाचपर्यंत, एकदा तर सहापर्यंत चालला. कोणाला काही कळलं नाही, असं मला वाटत होतं.

तिसऱ्या तसल्या रविवारी टायपिस्टला मी वाचवू शकले नाही. तिकडी घेऊन ती कुलूपवाल्याच्या मोठ्या पानांवर आपटली आणि चारला गेली. पुढच्याच डावात ड्रायव्हरने उरलेल्या सात किल्ल्या एकदम पुढे ढकलल्या. कुलूपवाल्याने पानं टाकली. माझ्या हातात तीन राण्या आणि दोन सत्ते. ड्रायव्हरचा श्वास छातीत अडकलेला. मी पानं पालथी टाकली.

टाकलेली पानं बघायची नसतात. कुलूपवाल्याने माझी उचलली, उलटी केली आणि टेबलावर मांडली.

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. "मला जिंकवलंत? बाई, मी काय लहान आहे? दया करून घ्यायला येतो का मी इथे?"

"तुमच्यावर कसली दया!" माझा आवाज चढला. "तुम्ही हरलात की उठता. तुम्ही उठलात की हे शटर ओढतात. आत्ता कुठे सव्वाचार झालेत. घरी जाऊन मी काय करू? सांगा ना, काय करू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग कुलूपवाला हळूच म्हणाला, "तो नियम मी केला होता. तेव्हा आम्ही नऊ जण होतो आणि खुर्च्या चार. हरलेल्याने उठून दुसऱ्याला जागा द्यायची. पुढे एकेक जण गळत गेला. नियम तेवढा राहिला."

"आता कोण उभं आहे जागेसाठी?" मी विचारलं.

त्याने खोलीभर नजर फिरवली. खरोखरच फिरवली.

ड्रायव्हर खाली बघत म्हणाला, "मी घरी जात नाही. सुट्टी असूनही डेपोत जाऊन बसतो. आणि टायपिस्टबाई तरी कुठे जातात? समोरच्या वळणावर बाकावर बसलेल्या असतात. दर रविवारी दिसतात मला."

"मग तुम्ही बोलत का नाही त्यांच्याशी?"

"काय बोलणार? दोघंही हरलेले."

मी उठले. चप्पल नीट न घालताच रस्ता ओलांडला. वळणावरच्या बाकावर ती पर्स मांडीवर घेऊन, पाय जुळवून बसली होती. बसची वाट बघणाऱ्यासारखी, पण तिथे बस थांबत नाही. मला बघून ती गडबडून उठली.

"अहो, मी तर मघाशीच हरले ना?"

"हो, हरलात," मी म्हटलं. "चला आत."